हळदीच्या भाकऱ्या

गुरगावच्या मुख्य ऑफिसातून आलेल्या चित्रांत लाच नेहमी पाकिटातून जायची. सूट घातलेला एक माणूस टेबलाखालून पाकीट सरकवतो, समोरचा सूटवाला मान वळवून ते घेतो, आणि दोघांवर लाल फुली पडते. मानकोलीच्या गोदामात सूट घालणारं कोणी नव्हतं. टेबल म्हणावं असं टेबल एकट्या मॅनेजर देवेशसरांच्या केबिनमध्ये होतं, आणि त्याच्याखाली कचऱ्याची टोपली होती.

तरी माधवीने ती चित्रं तशीच ठेवली. बदलायची परवानगी फक्त मजकुराची होती. तो तिने आठवडाभर खपून मराठीत आणला. ‘अनुचित लाभ’ खोडून ‘फुकटचा फायदा’ केलं, ‘तृतीय पक्ष’ काढून ‘ठेकेदार, ट्रान्सपोर्टवाले, माल देणारे’ असं सरळ लिहिलं. एचआरमध्ये ट्रेनिंगचं काम बघणारी ती एकटीच, आणि या पट्ट्यातली म्हणावी अशीही तीच. सासर टेमघरला, माहेर हायवे ओलांडला की पलीकडच्या गावात. गोदाम ज्या जमिनीवर उभं होतं तिचा एक तुकडा तिच्या वडिलांचा, लडकूशेठचा होता. ही गोष्ट ती कुणाला आपणहून सांगत नसे. आणि तिचा थोरला भाऊ धनेश याच गोदामाला माणसं पुरवायचा, हेही नाही. लग्नानंतर आडनाव बदललं होतं. गुरगावला ठाऊक नव्हतं, देवेशसरांना ठाऊक होतं, आणि त्यांना ते अडचणीचं वाटत नव्हतं.

या खेपेला हुकूम असा होता की ठेकेदाराकडच्या कामगारांनाही ट्रेनिंग द्यायचं. तेव्हा दुपारच्या शिफ्टच्या आधी कॅन्टीनमधले बाक फिरवून पडद्याकडे केले, आणि पॅकिंगच्या बाया पुढे, लोडिंगचे पुरुष मागे, असे सगळे बसले.

"सण आला आणि ट्रान्सपोर्टवाल्याने मिठाईचा पुडा दिला," माधवीने विचारलं, "तर काय करायचं?"

"खायचा," मागून सुभाष म्हणाला. तो फोर्कलिफ्ट चालवायचा आणि कुठल्याही बैठकीत पहिलं हसू त्याच्याच नावावर असायचं.

"आणि कळवायचं," माधवी म्हणाली.

"कळवला तर खायला मिळेल का, मॅडम? वरचे खातील."

हशा झाला. माधवीही हसली. असल्या हशाने माणसं सैलावतात, हे तिला अनुभवाने कळलं होतं. मग तिने दोषाची स्लाईड लावली आणि मोठ्याने वाचली. देणारा आणि घेणारा, दोघेही सारखेच दोषी. दोनदा वाचली, कारण गुरगावने ती ठळक अक्षरांत पाठवली होती. त्यानंतर टोल फ्री नंबर. कुणीही, केव्हाही, आपल्या भाषेत बोलायचं. नाव सांगायची गरज नाही. कोण बोललं ते कुणाला कळणार नाही.

पुढच्या बाकावर तानीने हात वर केला. शाळेत करतात तसा, कोपरापासून सरळ. तानी डोंगराच्या बाजूच्या पाड्यावरची. तिथल्या पाच बाया धनेशच्या टेम्पोतून रोज पॅकिंगला यायच्या. माधवी तिला गोदाम उभं राहायच्या आधीपासून ओळखत होती, पण इथे तानी तिला मॅडमच म्हणायची.

"मॅडम, पैसं न्हाय दिलं तर लाच न्हाय ना?"

"तसं नाही. वस्तूही लाच होते. कोंबडी दिली, तांदूळ दिले, कुणाला सोय करून दिली, आणि बदल्यात आपला फायदा करून घेतला, की झाली लाच."

"आन काम?"

"कसलं काम?"

"फुकाट काम. कोनाच्या घरी जाऊन केलं तर?"

माधवीने पडद्याकडे पाहिलं. तिसऱ्या ओळीत ‘सेवा’ असा शब्द होता. तिनेच लिहिलेला. "हो," ती म्हणाली. "फुकट काम केलं आणि त्याच्यावर आपली ड्युटी पक्की करून घेतली, तर तीही लाचच."

कॅन्टीनमधली कुजबूज थांबली. तानीच्या शेजारी काशी बसली होती, तिने पदर तोंडाशी धरला. माधवीला ही शांतता ऐकू आली, पण तिने तिचा अर्थ वेगळा लावला. मुद्दा पोचला, असं तिला वाटलं. तेवढ्यात शिफ्टचा भोंगा झाला, बाक सरकले, आणि शेवटची स्लाईड दाखवायची राहून गेली.

*

धाकट्या विपुलची हळद पंधरवड्यावर आली होती. रविवारी माधवी माहेरी गेली तेव्हा पडवीत लडकूशेठ मांडववाल्याशी हुज्जत घालत होते आणि आत आई, गुणाबाई, तांदळाच्या गोण्यांवर हात ठेवून उभी होती, जणू त्या पळून जातील.

"पाड्यावर निरोप धाडला का रे?" आईने धनेशला विचारलं. "तीन दिसाच्या भाकऱ्या हायेत. पाच बायांत न्हाय व्हायचं. अजून दोन सांग."

"सांगितलंय. तानी येईल, काशी येईल. बाकीच्या त्या आनतील."

माधवी चहा उकळत होती. "आई, या वेळी कॅटरर का नाही सांगत?"

"भाकऱ्यांना?" आईला खरंच कळेना. "मशिनीच्या भाकऱ्या घालू हलदीला? लोक पानावरनं उठतील. तुझ्या हलदीला तानीनंच थापल्या ना सगल्या. अजून नाव काढतात."

ते खरं होतं. माधवीच्या हळदीला मांडवाच्या मागे चुली मांडल्या होत्या, आणि उकड मळणाऱ्या, थापणाऱ्या, भाजणाऱ्या पाड्यावरच्या बायांची रांग बसली होती. हळद लागलेली माधवी सहज मागे गेली तर तानीने पिठाळ हाताने तिची हनुवटी उचलली होती आणि म्हणाली होती, "माधवीताय, सोन्यासारी दिसतंस." आई त्या सगळ्यांना लुगडं आणि पायलीभर तांदूळ देते. आजी असल्यापासून देते. लावणीच्या दिवसांत उरल्यासुरल्या शेतातही त्याच बाया येतात. हे मागणं आहे असं या घरात कुणाला कधी वाटलं नव्हतं. माणसं एकमेकांच्या घरी येतात, एवढंच.

पण त्या दिवशी कॅन्टीनमध्ये उत्तर तिनेच दिलं होतं.

"मग निदान रोज तरी द्या त्यांना," ती म्हणाली. "रोजाने बोलवा."

धनेश मोबाईलमधून डोकं वर न काढता हसला. "तुझा ट्रेनिंग गेटच्या आतला, माधवी. घरात नको."

"दादा, कुणी आली नाही तर तू काय करतोस?"

"कोन न्हाय येत?"

"समज, आली नाही."

"काय करनार? मारतोय का मी?" आता त्याने डोकं वर केलं. "मला रोज माणसं लागतात, कधी वीस, कधी चाळीस. कोनाला आधी फोन लावायचा ते मी ठरवतो. जो आपल्या वेळेला उभा राहतो त्याला आधी लावतो. यात वाईट काय हाय?"

यात वाईट काय आहे ते तिला त्याच वेळी सांगता आलं असतं. चहा उतू जात होता. तिने गॅस बंद केला.

*

गुरगावचा फोन बुधवारी आला. रूपा मॅडम तिथे तक्रारींचा विभाग सांभाळायच्या. आवाज मऊ, प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक छोटीशी घाई.

"माधवी जी, आपकी साइट से एक कॉल आया है हेल्पलाइन पर। पहला ही है। एजन्सी में जो मराठीवाली लड़की है, उसको आधा भी समझ नहीं आया। कोई गाँव की बोली है। आप ऑडिओ सुनके इंग्लिश में लिख के भेज दीजिए। वर्ड टू वर्ड।"

माधवीने स्टोअररूममध्ये जाऊन दार लावलं आणि कानाला हेडफोन लावले. आधी नुसता वारा. मग एक कोंबडा. मग कुणीतरी घसा साफ केला आणि तानी बोलायला लागली.

"हालो. मी नाव न्हाय सांगत. मॅडम बोलली, नाव न्हाय सांगितला तरी चालंल. आमी पाच बाया हाव, पाड्यावरच्या, पॅकिंगला. आमच्याकडनं चूक झाली. आमी लाच दिली. आमाला म्हायीत नवतं ती लाच हाय. शेटच्या भनीची हलद झाली तवा भाकऱ्या थापल्या. आन दरसाल लावनीला त्याच्या शेतावर जातो. मंग आमाला ड्युटी लागते. मागं एकीच्या पोराला ताप व्हता, ती लावनीला न्हाय गेली, तर पावसाला सरंपर्यंत तिला टेम्पोत घेतला न्हाय. तवापासनं आमी कोनी न्हाय बोलत न्हाय. आता परत हलद आली. गेलो तर लाच हुते, न्हाय गेलो तर ड्युटी जाते. तर काय करायचा ते सांगा. आन आधी दिली ती माफ करा. परत न्हाय देनार."

मग थोडा वेळ तिने वाट पाहिली. यंत्रातून कुणी बोलेल असं तिला वाटलं असावं. "हालो," ती पुन्हा म्हणाली, आणि फोन तुटला.

माधवीने ते पुन्हा ऐकलं. तक्रार नव्हती ती. तानी कुणाचं गाऱ्हाणं घेऊन आलीच नव्हती. देणारा आणि घेणारा सारखेच दोषी, हे तिने ठळक अक्षरांत दोनदा ऐकलं होतं, आणि घेणाऱ्याचा विचार बाजूला ठेवून ती आपल्या वाटणीचा दोष कबूल करून मोकळी झाली होती.

काशीच्या पोराचा ताप माधवीला आठवत होता. काशी त्या पावसाळ्यात दिसली नव्हती हेही आठवत होतं. या दोन्ही आठवणी तिच्या डोक्यात आजवर वेगवेगळ्या जागी पडून होत्या.

ती लिहायला बसली. पहिली वाक्यं भराभर उतरली. ‘शेटच्या भनीची हलद’ इथे हात थांबला. शेट म्हणजे धनेश, आणि त्याची ती बहीण हेडफोन लावून स्टोअररूममध्ये बसली होती. ते तिने ‘ठेकेदाराच्या घरचं लग्नकार्य’ असं केलं. चुकीचं नव्हतं. मग टेम्पोत न घेतल्याचं वाक्य आलं.

हे वाक्य गुरगावला गेलं की ठेका गेला. त्याबद्दल तिला शंका नव्हती. मांडवाचे बांबू दारात येऊन पडले होते. आईने सोयऱ्यांना पानसुपारी देऊन बोलावणी केली होती. मुलीकडच्यांनी ठेक्याकडे बघूनच विपुलला होकार दिला होता. हे सगळं एका वाक्याच्या पलीकडे उभं होतं. आणि ते वाक्य काढलं तर मागे उरतं काय? पाच गरीब बाया कुणाच्या लग्नात भाकऱ्या करायला गेल्या. गुरगावला भाकरी म्हणजे काय तेच कळणार नाही. वाचतील, हसतील, बंद करतील. म्हणजे तानीचंही काही बिघडत नाही. उलट तिच्या नावावर भांडण यायचं टळतं. असा विचार तिने केला, आणि तो तिला इतका सोयीचा वाटला की तिने तो दुसऱ्यांदा केला नाही.

टेम्पोचं वाक्य तिने गाळलं. ‘न्हाय गेलो तर ड्युटी जाते’ हेही गाळलं. बाकी शब्दन् शब्द खरा होता. पाच बाया, पाड्यावरच्या, पॅकिंगला, हेही तिने तसंच राहू दिलं. भावावर पांघरूण घालण्यात ती इतकी गुंतली होती की पाय उघडे कुणाचे पडले, ते तिने पाहिलंच नाही.

*

सोमवारी सकाळी तिची स्कूटी गेटजवळ आली तेव्हा त्या पाचही जणी चहाच्या टपरीशेजारी उकिडव्या बसल्या होत्या. डबे मांडीवर. तानी उठून आली. गळ्यातलं कार्ड तिने बोटांत धरलं होतं.

"मॅडम, कारड लाल दाखवतंय. समद्यांचंच. वॉचमन बोलतो आत सोडायचा न्हाय."

"मशीन बिघडली असेल. बघते मी."

"आमी थांबतो," तानी म्हणाली आणि पुन्हा जाऊन बसली.

मशीन बिघडलेली नव्हती. देवेशसर केबिनमध्ये फुलासारखे उमलून बसले होते. वर्षानुवर्षं मानकोलीच्या साईटवरून एकही प्रकरण नाही म्हणून गुरगाव त्यांना टोचायचं. प्रकरण नाही म्हणजे प्रामाणिकपणा नाही, लपवाछपवी आहे, असा तिकडचा हिशेब.

"आपली पहिली केस," ते म्हणाले. "आली, तपासली, बंद केली, आठवड्याच्या आत. रूपा मॅडमने तुझं नाव घेऊन कौतुक केलंय. ट्रेनिंगचा परिणाम म्हणून."

"त्या बायांना काढलंय, सर."

"काढलं नाही. साईटवर यायला बंदी. आपले कामगार नाहीतच ते, ठेकेदाराचे. त्याने दुसऱ्या पाठवायच्या."

"आणि ठेकेदार?"

"त्याला समज दिली. लेखी." देवेशसरांनी चष्मा काढून पुसला. "तो काय करणार बिचारा, लोक आपणहून घरी राबायला आले तर? हात दाखवून अवलक्षण करून घेतलं त्या बायांनी. कोणी विचारलं होतं? कबुलीच दिल्यावर कंपनीला तरी काय करता येतं? हां, बळजबरी असती तर गोष्ट वेगळी. धाकाने द्यावं लागलं आणि माणसाने स्वतः येऊन सांगितलं, तर देणारा दोषी नाही. पॉलिसीतच आहे. तुझ्याच शेवटच्या स्लाईडवर. पण कॉलमध्ये धाकाचा शब्द नाही." त्यांनी चष्मा लावला आणि तिच्याकडे पाहिलं. "तूच तर भाषांतर केलंस."

त्या पाहण्यात काय होतं ते तिला पुढे बरेच दिवस ठरवता आलं नाही. त्यांना काही कळलं होतं, की काही कळून घ्यायचंच नव्हतं. शनिवारच्या हळदीचं बोलावणं त्यांना धनेशने स्वतः नेऊन दिलं होतं.

शेवटची स्लाईड. भोंगा झाला म्हणून राहिलेली. ती दाखवली असती तर तानी फोनवर माफी मागायच्या ऐवजी दुसरं काही बोलली असती. आणि ती न दाखवताही तानीने नेमकं धाकाचं वाक्य बोलून ठेवलं होतं, कोंबड्याच्या आरवण्यानंतर, स्वच्छ आवाजात. ते गाळायला मात्र भोंगा झाला नव्हता.

माधवी बाहेर आली. ऊन वर आलं होतं. बाया सावलीबरोबर सरकत टपरीच्या मागच्या बाजूला गेल्या होत्या.

"आज नाही होणार," ती तानीला म्हणाली. "तुम्ही घरी जा. मी कळवते."

"कोनी सांगितलं का मॅडम? आमचं नाव?"

"नाही. नाव कुणी नाही सांगितलं."

काशी खाली बसल्या बसल्याच म्हणाली, "मंग मशिनीला कसं कललं?"

तानी तिच्याकडे वळली. "गप गं. मी सांगितलं. माझंच तोंड सुटलं." मग माधवीला, "माफी मागितली व्हती ना मॅडम मी. ती पोचली न्हाय का?"

"पोचली," माधवी म्हणाली.

*

धनेशने मेल तिच्यापुढे धरला. तो खरोखर वैतागला होता. "मी नाही काढलं त्यांना. बघ. वरून आलंय. भरवशाच्या पाच बाया गेल्या माझ्या. आता नव्या कुठनं आनू?"

"त्यांचं काय?"

"बघू. शेलार गावाच्या बाजूला एक कपड्याचं गोदाम हाय, तिथं लावतो. हलद होऊन जाऊ दे."

"हळदीचा काय संबंध?"

"संबंध कसला? मला आता वेळ हाय का?" तो म्हणाला. आणि मग, "येतील ना त्या भाकऱ्यांना? तू बोलून बघ. तुला मानतात."

त्या दुपारी माधवीने गुरगावला फोन लावला. घंटी वाजत असताना तिने वाक्य तयार ठेवलं होतं, पण रूपा मॅडमचा मऊ आवाज ऐकला आणि ते वाक्य लांबलं. ऑडिओ पुन्हा ऐकला. वाऱ्याचा आवाज होता. एकदोन वाक्यं नीट आली नव्हती.

"अच्छा. कुछ छूट गया था क्या?"

"हो सकता है, मॅडम।"

"तो केस फिर से खोलना पड़ेगा। आप लिख के दीजिए, क्या छूटा और क्यों छूटा। और हाँ, नया नियम है, ट्रान्सलेटर को भी लिखना पड़ता है कि साइट पर उसका कोई रिश्तेदार नहीं है। वो भी साथ में भेज दीजिए। आज भेज देंगी?"

"देखती हूँ," माधवी म्हणाली.

तिने लिहायला घेतलं नाही असं नाही. संध्याकाळपर्यंत पडद्यावर दोन ओळी होत्या. क्या छूटा, हे पहिल्या ओळीत आलं होतं. दुसरी ओळ ‘क्यों’ ची होती आणि ती पुढे सरकत नव्हती. हळद होऊन जाऊ दे, असं तिला वाटलं. मग हेच शब्द दुपारी कुणाच्या तोंडून ऐकले होते ते आठवलं. तरी तिने कॉम्प्युटर बंद केला.

आणि तिने पाड्यावर निरोप पाठवला नाही. एवढं मात्र तिने केलं. भाऊ म्हणाला तरी ती बोलायला गेली नाही. या गोष्टीचा तिला पुढचे चार दिवस थोडासा आधार वाटला.

*

शनिवारी दुपारी ती माहेरी पोचली तेव्हा मांडवाच्या मागून धूर येत होता.

सात बाया होत्या. आईने दोन जास्त सांगितल्या होत्या आणि त्याही आल्या होत्या. दोघी मोठ्या परातींत उकड मळत होत्या, बाकीच्या थापत होत्या. काशी चुलीपुढे बसून भाकऱ्या उलटत होती. तिचा मुलगा आता चांगला वाढला होता, तो लाकडाच्या ढिगावर बसून केळं खात होता. धोतराच्या धुवट फडक्यांवर पांढऱ्या भाकऱ्यांच्या चळती चढत होत्या. निरोपाची गरजच पडली नव्हती. टेम्पो पाठवावा लागला नव्हता. त्या सकाळी चालत आल्या होत्या.

"बघ," आई म्हणाली. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "कामावरनं काढलं त्यांना कंपनीनं, तरी आल्या. याला म्हनतात मानूस. तुमच्या त्या कंपनीला काय कलतंय?"

पुढच्या बाजूला माईक सुरू झाला होता. गावात हळदीला येणाऱ्या प्रत्येकाचं नाव माईकवर घ्यायची रीत, आणि जितका मोठा पाहुणा तितकं नाव लांब. मामा आले, सोयरे आले, शेलारचे कुणी शेठ आले. मग माईकवाल्याने आवाज चढवला. "आपल्या हळदी समारंभास आवर्जून उपस्थित राहिलेले, मानकोली येथील कंपनीचे मॅनेजर, आदरणीय देवेशसाहेब यांचं, समस्त लडकूशेठ परिवारातर्फे, मनापासून स्वागत." टाळ्या झाल्या. धनेश पुढे धावला असणार. पुन्हा एकदा स्वागत झालं, बहुधा शाल घालताना.

तानी खाली मान घालून थापत होती. परातीत गोळा फिरवायची तिची लय माधवीला पाठ होती. तिने एकदा वर पाहिलं, ओळखीचं हसली, आणि डाव्या हाताने शेजारचा पाट पुढे सरकवला.

"बसा ना मॅडम."

या अंगणात तिने माधवीला कधी मॅडम म्हटलं नव्हतं. माधवी पाटावर बसली.

"तानी, तुम्ही यायला नको होतं."

"का?"

"मी काहीतरी करणार होते. म्हणजे करतेय."

"करा ना," तानी समजुतीने म्हणाली. तिला त्या बोलण्यात काही वजन दिसलं नाही. "शेट बोलला, कापडाच्या गोदामात लावतो. म्हंटलं मंग आधी इथलं उरकू."

तिने थापलेली भाकरी दोन्ही हातांवर तोलून काशीकडे दिली, हाताला पाणी लावलं आणि नवा गोळा घेतला. तो परातीत ठेवण्याआधी ती थांबली. काहीतरी विचारायचं होतं, आणि ते चुकू नये म्हणून ती शब्द जुळवत होती. कॅन्टीनमध्ये हात वर केला होता तेव्हाही तिचा चेहरा असाच झाला होता.

"मॅडम, आमी आता तुमच्या गोदामात न्हाय. कारड काढून घेतलं. मंग आता ह्या भाकऱ्या केल्या तर चालंल ना? आता ही लाच न्हाय ना हुत?"

बाकीच्या बायांचे हातही थांबले. चुलीपाशी काशीने मान वळवली. पुढे माईकवर कुणाचं तरी स्वागत चाललं होतं. माधवीने मजकूर मनात वाचून पाहिला, ओळ न् ओळ, शेवटच्या स्लाईडपर्यंत. नियम कंपनीच्या आवारातल्या कामगारांना लागू होता. तानीने अगदी बरोबर ओळखलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "आता चालेल."

तानीच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "मंग बरं," ती म्हणाली आणि थापायला लागली.